गाडी कुठं असते?

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथला. सागरेश्वरचं अभयारण्य तिथून जवळ. २०२१ च्या डिसेंबरात हे गाव पुन्हा देशभर गाजलं ते दत्तात्रय लोहार यांच्या गाडीमुळे. मुलाच्या हौसेखातर त्यांनी भंगारातलं सामान गोळा करून छोटी जीप बांधली होती. मोटारसायकलीसारखी पायानं किक मारून सुरू व्हायची, स्टिअरिंग डाव्या बाजूला, पुढून थेट जीपचा तोंडवळा. खर्च साठेक हजार रुपये. आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ पाहिला आणि मोकळ्या मनानं कौतुक केलं. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या ती रस्त्यावरून काढायला लावतील, तेव्हा तिच्या बदल्यात बोलेरो घ्या, असंही त्यांनी सुचवलं. घरातली पहिली लक्ष्मी देऊन कशी टाकायची, असा पेच त्या घराला पडल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो त्यांच्या हाती आली.

आमच्या भागात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या पायरीवर, माझ्या गॅरेजात, सगळीकडे तीच गाडी. कौतुक करणारे पुष्कळ होते, पण दोन वाक्यंही परत परत कानावर यायची. एक: ‘त्यात नवं काय केलं? असलेलंच जोडलं.’ दुसरं: ‘गाडी कसली ती, चार गाड्यांचे तुकडे.’

बोलणाऱ्यांनी सहज बोलून टाकलं असेल. मला मात्र ती वाक्यं सोडवेनात. दर्शनशास्त्रातले दोन फार जुने प्रश्न त्यांत आहेत. आधीपासून असलेल्या वस्तूंतून काही केलं तर त्याला निर्मिती म्हणायचं का? आणि भाग एकत्र आले की भागांखेरीज आणखी काही जन्माला येतं का? पंडितांनी यावर शतकानुशतकं वाद घातले. मी पंडित नाही. पण माझी हयात लोखंडात गेली आहे, आणि हे दोन्ही प्रश्न लोखंडावर हात ठेवून तपासता येतात असं मला वाटतं.

आम्ही पांचाळ, लोहारकाम करणारे. तरुणपणी मी साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्समध्ये फिटर होतो. तिथं ‘प्रिया’ स्कूटर तयार व्हायची. सुटीच्या दिवशी वाईला जायचो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं, प्राज्ञपाठशाळेचं, विश्वकोशाचं ते गाव. तिथल्या एका वृद्ध शास्त्रीबुवांची विहिरीवरची मोटर मी बांधून दिली होती. पैसे घ्यायला मला संकोच वाटला, तर ते म्हणाले, “मग विद्या घ्या.” त्यांच्याकडे पुढं कित्येक रविवार न्यायशास्त्र मराठीतून ऐकलं. संस्कृत मला आलं नाही. पण ते कुठलंही प्रमेय सांगताना घडा, कापड, रथ असली घडवलेली वस्तूच उदाहरणाला घ्यायचे. त्यामुळे मला ते शास्त्र आमच्याच बिरादरीचं वाटायचं.

पहिला प्रश्न मला तुलनेनं सोपा वाटतो. माघ शुद्ध त्रयोदशीला आम्ही विश्वकर्म्याची जयंती करतो. त्याच्या तसबिरीत त्याच्या हाती हत्यारं असतात. हत्यार लागतं याचा अर्थ समोर माल आधीच पडलेला आहे. ज्याला काहीच नसताना सगळं करायचं आहे त्याला हातोडा कशाला लागेल? न्याय-वैशेषिकांचा ईश्वरही असाच आहे. परमाणू नित्य आहेत, ते त्यानं केलेले नाहीत. जीवांची कर्मंही आधीची आहेत. तो त्यांची जुळणी करतो. तो निमित्तकारण आहे, कुंभारासारखा. वेदान्ती हे मानत नाहीत. ते म्हणतात, माल आणि कर्ता एकच, कोळी स्वतःतूनच धागा काढतो तसं. वाद मोठा आहे आणि त्यात शिरायचं कारण नाही. मला इतकंच दिसतं की ज्या दर्शनांशी माझी ओळख झाली त्यांतल्या कुणीही काहीच नसण्यातून काही करण्याची अट देवालाही घातलेली नाही. मग ती देवराष्ट्र्याच्या कारागिराला का घालायची?

आणि कंपन्यांना तरी कुठं लागू होते ती? महिंद्रांची कंपनी १९४५ ची. १९४७ पासून त्यांनी अमेरिकेच्या विलीज जीपचे भाग आणून इथं जोडायला सुरुवात केली. त्यातूनच पुढचा सगळा कारखाना उभा राहिला. देवराष्ट्र्यापासून जवळच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा त्यांच्यापुढं परदेशी नांगर होता. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ओसाड माळ दिला आणि तिथं कारखाना आला. पहिल्या महायुद्धात बाहेरून लोखंड येईना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरासाठी ओतायला दिल्या, अशी गोष्ट आमची जुनी माणसं सांगत आली. तोफेचा नांगर होणं याहून भंगाराचं मोठं भाग्य मला सुचत नाही. त्या नांगराला ‘असलेलंच ओतलं’ असं कुणी म्हटलं नाही.

अमेरिकेत याच कामाला मोठा मान आहे. १९३० नंतर कॅलिफोर्नियातल्या तरुण पोरांनी जुन्या फोर्ड गाड्या मातीमोलानं घेतल्या. मडगार्ड, टप, जे जे वजन वाढवतं ते काढून टाकलं, दुसऱ्या गाडीची इंजिनं बसवली आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या पळवल्या. फोर्डनं १९३२ मध्ये आठ सिलिंडरचं स्वस्त इंजिन बाजारात आणलं, त्याचा या पोरांना मोठाच आधार झाला. अशा गाडीला तिकडे हॉट रॉड म्हणतात. ती बांधणारी पोरं श्रीमंत नव्हती. भंगाराच्या आवारात फिरून, एकमेकांना भाग देत-घेत त्यांनी त्या बांधल्या. आज त्या गाड्या संग्रहालयांत आहेत.

आता दुसरा प्रश्न, आणि तो खरा अवघड आहे. तुकडे जोडून जे उभं राहतं ते गाडी आहे, की तुकड्यांच्या ढिगाला आपण दिलेलं नाव?

भिक्षू नागसेनांची आणि मिलिंद राजाची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ती आहे. राजा ग्रीक वंशाचा, वादात कुणाला हार न जाणारा. तो रथात बसून आला होता. नागसेनांनी विचारलं, रथ म्हणजे काय? दांडी रथ आहे का? आस? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. सगळे मिळून? तेही नाही. यांच्याहून वेगळा कुठं आहे? तोही नाही. मग रथ हा केवळ व्यवहाराचा शब्द ठरला. नागसेनांना रथाशी देणंघेणं नव्हतं. माणसाच्या आत ‘मी’ म्हणून एखादी पक्की वस्तू बसलेली नाही, हे त्यांना दाखवायचं होतं.

न्यायशास्त्राचं म्हणणं उलटं. भाग म्हणजे अवयव, आणि अवयव जुळले की अवयवी नावाचं नवं द्रव्य खरोखर उत्पन्न होतं. न्यायसूत्रांत त्याला एक युक्तिवाद आहे, तो ऐकला त्या दिवशी मी बसल्या जागी हललो, कारण तो गॅरेजातला होता. एक टोक धरलं की सगळी वस्तू धरली जाते, एक टोक ओढलं की सगळी वस्तू येते. नुसता ढीग असता तर हातात टोकच आलं असतं. बंद पडलेली गाडी दोरीनं ओढून आणताना मी हे रोज पाहत होतो. पण शास्त्रीबुवा प्रामाणिक होते. त्यांनी लगेच भाष्यातली शंका सांगितली: गवत, दगड आणि लाकूड लाखेनं चिकटवलं, तर तेही एक टोक धरून सगळं ओढता येतं. म्हणून काय त्यातून नवी वस्तू झाली? ओढलं जाणं हे चिकटण्याचं फळ असेल, एक असण्याचं नव्हे.

ही लाखेची शंका माझ्या मनात वर्षानुवर्षं राहिली. कारण आमचं वेल्डिंग म्हणजे दुसरं काय? चार गाड्यांचे भाग वेल्डिंगनं चिकटवले तर ती गाडी झाली, की लाख लावलेलं गवत, दगड, लाकूड? टपरीवरचा माणूस तेच तर विचारत होता.

याचं उत्तर मला पोथीत मिळालं नाही. ते एका पोराची गाडी बांधताना मिळालं.

पोरगा पलूसच्या बाजूचा, उसाच्या घरातला. देवराष्ट्र्याच्या गाडीनंतर त्याच्या डोक्यात बसलं की आपणही एक बांधायची, पण जीप नको, त्या अमेरिकी हॉट रॉडसारखी, लांब नाकाची, चाकं उघडी. “तात्या, पन्नास हजारांत बसवा,” म्हणाला. मी म्हटलं, “बसवू, पण ती डांबरी रस्त्याला न्यायची नाही. रानातनं, तुझ्या वाटेनं चालव.” त्यानं शब्द दिला आणि पाळला.

कुपवाडच्या बाजूला भंगाराच्या एका आवारातून रिक्षाचा मागचा सगळा संच घेतला: इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, दोन्ही हाफ शाफ्ट. मोटारसायकलचं इंजिन स्वस्त पडलं असतं, पण त्याला रिव्हर्स नसतो आणि डिफरन्शियलही नसतो. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एका सरळ दांड्यावर पक्की केली तर एक चाक घासत जातं आणि टायर झिजतात. संच विकत घेताना मी हब हातानं फिरवून कान लावला. बेअरिंग गेलं असेल तर घरघर येते. चाक वर-खाली हलवून खेळ पाहिला. किंमत किलोवर ठरली. पुढं जुन्या छोट्या गाडीचं स्टिअरिंग आणि पुढची चाकं. चासीला दोन इंची चौरस पाईप, तो मात्र नवा घेतला, कारण आतून गंजलेला पाईप बाहेरून ओळखू येत नाही.

चासी जमिनीवर मांडून आधी फक्त टाके मारले. मग कर्ण मोजले. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि उलट. हे काम एकट्याला होत नाही, टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. दोन कर्णांत बोटाच्या पेराएवढा फरक निघाला. पोरगा म्हणाला, एवढ्यानं काय होतंय? एवढ्यानं गाडी जन्मभर एका बाजूला ओढते. टाके तोडले, चासी ठोकून गुण्यात आणली, पुन्हा मोजली, दोन्ही कर्ण सारखे आले तेव्हाच पूर्ण वेल्डिंग केलं. चारी पाईप तेच होते, लांबी तीच होती. चौकट सरळ असणं यांतल्या कुठल्याच पाईपात नव्हतं.

तरी खरी गोष्ट पुढं आहे. इंजिन मागं गेल्यामुळे ते लांब नाक रिकामं राहिलं. पहिल्यांदा चालवली तेव्हा पुढची चाकं हलकी पडली, चढावर स्टिअरिंग हाताला लागेना. मी गाडी त्याच भंगारवाल्याच्या काट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवली: १२० किलो. मग फक्त मागची: २१० किलो. एकूण ३३०. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर ७८ इंच. यावरून साध्या त्रैराशिकानं कळतं की गाडीचा सगळा भार जिथं एकवटतो तो बिंदू मागच्या आसापासून सुमारे २८ इंचांवर पडतो. तिथं मी पत्र्यावर खडूनं खूण केली. मग मागं असलेली बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी, मिळून तीसेक किलो, त्या रिकाम्या नाकात हलवली. पुन्हा काट्यावर: पुढं १४५, मागं १८५. बेरीज तीच, ३३०. एक किलो वाढला नाही, एक भाग बदलला नाही. तो बिंदू मात्र सहा इंच पुढं सरकला होता. गाडी चढावर सरळ जाऊ लागली.

मी दुसरी खूण केली आणि तिथं काय आहे ते पाहायला वाकलो. काहीच नव्हतं. पत्र्याच्या थोडं वर, चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या मधली मोकळी जागा. हवा. गाडीचा सगळा तोल ज्या ठिकाणावरून चालतो तिथं लोखंडाचा कणसुद्धा नव्हता.

माझ्यापुरतं नागसेनांना उत्तर तिथं मिळालं. त्यांनी विचारलेल्या यादीत हा बिंदू नाही. तो दांडीत नाही, आसात नाही, चाकात नाही. तो सगळ्या भागांचा मिळून आहे, पण कुठल्याही भागाच्या जागी नाही. आणि तो नुसतं नाव नाही, कारण वळणावर वेग जास्त झाला तर तोच गाडी उलटी करतो. जे माणसाला उलटं पाडू शकतं ते खोटं असत नाही. बौद्ध मित्र म्हणतील, हाही बिंदू कारणांतून आला आणि कारणं मोडली की जाईल, तो कुठं नित्य आहे? त्यांचं बरोबर आहे, आणि मी ते मनापासून मान्य करतो. गाडी नित्य आहे असं मला म्हणायचंच नाही. ती मोडेल. पण मोडेपर्यंत ती खरी आहे, तिच्या भागांइतकीच. नागसेनांचं बोट ज्या ‘मी’कडे होतं त्यालाही कदाचित हेच लागू असावं: आत शोधत गेलं तर सापडणार नाही, पण तोल जिथून चालतो तिथं तो असतोच.

आणि लाखेची शंका? तीही तिथंच सुटली. लाखेनं चिकटवल्यावर गवत गवतच राहतं, दगड दगडच. एकमेकांसाठी ते काही करत नाहीत. या गाडीत बॅटरी नाकात गेली तेव्हा ती विजेशिवाय आणखी एक काम करू लागली, पुढची चाकं जमिनीला धरून ठेवण्याचं. स्टेपनीही तेच करू लागली. कारखान्यात घडताना कुणीही त्यांना हे काम दिलेलं नव्हतं. रिक्षाचा संच माणसं वाहून म्हातारा झाला होता, आता तो उसाच्या रानात वाढ्यांचे भारे ओढतो. भाग तोच राहिला, त्याचा धर्म बदलला. जिथं भागांना एकमेकांमुळे नवा धर्म मिळतो तिथं अवयवी जन्मला असं मी मानतो, आणि जिथं नुसता टाका बसतो तिथं ढीग. वैशेषिक तर आणखी पुढं जातात. एक भाग बदलला तरी जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो, असं ते म्हणतात. तेवढं मला पटत नाही. खंडेनवमीला त्या पोराच्या आजीनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पुढच्या खंडेनवमीपर्यंत क्लच प्लेट, लायनर, एक टायर बदललेलं होतं. आजीनं माळ त्याच गाडीला घातली, आणि ती चुकली असं मी म्हणणार नाही.

हा विचार लोखंडावर थांबत नाही. ज्या औंधच्या राजानं किर्लोस्करांना माळ दिला त्याच भवानराव पंतप्रतिनिधींच्या राज्यात, आटपाडीजवळ, १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर वसलं. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीशिवाय, कुटुंबासह शेतीवर ठेवायचं, अशी ती वसाहत. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला तो तिच्यावरूनच. समाजानं काढून टाकलेल्या माणसाला बदलण्यासाठी तिथं भिंतींआड कोंडलं नाही, त्याची जागा बदलली, आणि त्याला दुसऱ्यासाठी काम दिलं. कुठलाही माणूस किंवा भाग जन्मतः टाकाऊ नसतो. ज्या जुळणीत तो होता ती मोडली, आणि नवी कुणी केली नाही, एवढंच झालेलं असतं.

गाडी कशाला म्हणायचं, याचं कायद्याचं उत्तर या सगळ्यांहून वेगळं आहे. कायद्यापुढं गाडी म्हणजे चासी नंबर. गाडी रीतसर मोडीत काढताना तो नंबर असलेला तुकडा कापून काढतात. तेवढा तुकडा गेला की गाडी मेली. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकानं ठरवलेलं रूप मालकानं परस्पर बदलायचं नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. मी या कायद्याच्या विरोधात नाही. वाकडी चासी आणि कच्चा ब्रेक घेऊन कुणी हमरस्त्यावर आलं तर मरणारा दुसराच असतो. देवराष्ट्र्याच्या घरानं बोलेरो घेतली ते शहाणपणाचंच झालं.

पण नाही म्हणण्याआधी तपासण्याची सोय हवी. संतमंडळींत गोरोबाकाकांची गोष्ट आहे: थापटणं घेऊन त्यांनी एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं आहे असं सांगितलं. नामदेवांना ते लागलं, पण त्यानंतर ते गुरूकडे गेले. त्यांना कुणी पंढरपुरातून हाकलून दिलं नाही. ब्रिटनमध्ये एकट्या माणसानं बांधलेल्या गाडीसाठी स्वतंत्र तपासणी आहे. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर सगळं पाहतात, उत्तीर्ण झाली तर नंबर देतात. आपल्याकडे पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, पण तिची वाट कंपन्यांसाठी आहे, साठ हजारांत गाडी बांधणाऱ्यासाठी नाही.

म्हणून माझी मागणी अशी. सातारा आणि सांगलीच्या आयटीआयनी, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयानं आणि दोन्ही जिल्ह्यांच्या आरटीओंनी मिळून वर्षातून एक दिवस ठरवावा. घरी गाडी बांधणाऱ्यांनी त्या दिवशी ती ट्रॉलीवर घालून आणावी. वेल्डिंग ठोकून पाहावं, ब्रेक तपासावेत, वजन काट्यावर घ्यावं, आणि काय कच्चं आहे ते लेखी द्यावं. परवाना कायद्यात बसेल तेव्हा बसेल, पण निदान रानात चालणाऱ्या गाड्या तरी पक्क्या होतील, आणि पोरांना कळेल की आपल्या कामाकडे कुणी शिकलेल्या नजरेनं पाहतंय. बांधणाऱ्यांना माझं सांगणं एकच: पहिला पैसा ब्रेकवर घाला, रंगावर शेवटचा.

आणि तुमच्या गावात कुणी अशी गाडी बांधत असेल, तर खर्च किती आला हे नंतर विचारा. आधी जाऊन टेपचं दुसरं टोक धरा.